उगवतीकडची मोटर

माझा लेक गेला तेव्हा त्याच्या टेबलावर एक लाकडी हात अर्धवट उभा होता. प्लायच्या पट्ट्या, काही लहान मोटरी, वायरींचा गुंता, वायरी खोचायच्या पिनांचा एक लहान बोर्ड आणि पुढे एक चिमटा. मोबाइलच्या टॉवरवर त्याची नोकरी होती. घरी आला की जेवणाआधी तो या हाताशी बसायचा. माझी बोटं वातानं वाकडी झालेली, शेंगा फोडताना दुखतात, म्हणून "आई, तुले शेंगा फोडाचं मशीन करून देतो" असं म्हणत त्यानं ते सुरू केलं होतं. पुढे फोडणं राहिलं बाजूला आणि ताटातली एक शेंग उचलून वाटीत टाकायची, एवढंच काम त्या हाताला उरलं. मी चिडवायची, "बापा, तुह्या हाताची एक शेंग वाटीत जाईस्तोवर माह्या दुखऱ्या बोटांनी बी शेरभर फोडून होतात." तो हसायचा आणि पुन्हा वायरीत डोकं घालायचा. एका दुपारी मालेगावच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला आणि तो गेला. हात तसाच राहिला.

आमचं गाव वऱ्हाडातलं, जऊळका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या पोरांना शिकवून रिटायर झाले. नवरा फार आधी गेलेला. लेकाच्या मागं घरात मी आणि सून अशा दोघीच उरलो. लोकांना वाटलं, सून महिनाभरात माहेरी जाईल. ती गेली नाही. मालेगावला एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसायची, संध्याकाळी घरी यायची, चहा टाकायची. "लेकी बोले सुने लागे" म्हणतात, पण आमच्या घरी लेकच नव्हती, त्यामुळे जे बोलायचं ते मी सरळ सुनेलाच बोलायची आणि तीही मागं हटत नसे. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते, भांडताना मात्र मला वऱ्हाडीच सुचते. आमच्या दोघींचं सगळं वऱ्हाडीतच चालायचं.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी तिनं टेबलावरचं फडकं काढलं.

"आई, लॅपटॉपात त्यायचा प्रोग्राम हाये. चालू करून पाहू काय?"

"तुले समजते त्यातलं?"

"नाई. पण पतसंस्थेचं बी मले पयले कोठी समजत होतं?"

प्रोग्राम होता, पण सोबत एक ओळ लिहिलेली नव्हती. कोणती वायर कुठं लावायची, आधी काय चालू करायचं, काहीच नाही. सगळं त्याच्या डोक्यात, आणि डोकं तो घेऊन गेला. त्या दिवशी मी त्याच्या फोटोसमोर उभी राहून त्याला चांगलं झापलं. एवढा शिकला, एवढ्या उंच टॉवरवर चढला, मास्तरणीच्या पोटी जन्माला आला आणि चार ओळी लिहून ठेवायला हात मोडला का तुझा, असं काहीबाही बोलले. मग रडले. सून पाठीमागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आपण लिहू ना."

असं ते सुरू झालं. वायरी मी लावायची, प्रोग्राम ती बघायची. या मोटरी पंख्यासारख्या गरगर फिरत नाहीत. प्रोग्राममध्ये जेवढा कोन लिहिला तेवढ्याच वळतात आणि थांबतात. ती एक आकडा बदलायची, मी वायर लावायची आणि हाताचा कोणता सांधा हलतो ते दोघी बघायचो. एकदा हात असा थरथरायला लागला की मी "वो माय" करून मागं सरले आणि ती इतकी हसली की खुर्चीवरून उठावं लागलं तिला. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

जे जे जमलं ते मी सांगायची आणि ती टाइप करायची. प्रोग्रामच्या शेजारीच फाइल ठेवली. नाव दिलं, "आधी हे वाचा". माझी अट एकच होती, तिसरीतल्या पोराच्या हातात दिलं तरी त्याला लावता आलं पाहिजे. आता तिसरीच्या पोराला डावं-उजवं सांगायचं म्हणजे, ज्या हातानं जेवतोस तो उजवा. पण प्रत्येक वर्गात एखादं डावखुरं असतंच. ते घरी मार खाऊन उजव्या हातानं जेवतं, शाळेत डाव्यानं लिहितं आणि त्याचा सगळाच घोळ होतो. दिशा मात्र कोणाला चुकत नाही. आमच्याकडे घरातलं सगळं दिशेवरच चालतं. मिठाचा डबा ओट्याच्या उगवतीला, माठ मावळतीला. बाजेवर झोपलेल्या माणसालाही आम्ही "जरा उगवतीकडं सरक" असंच सांगतो. म्हणून मी फाइलमध्ये सगळं तसंच लिहवून घेतलं. खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीवर बसा. बोर्डाच्या उगवतीकडच्या शेवटच्या पिनांत बुडाची मोटर लावा. तिच्या शेजारी कोपराची. मावळतीकडच्या टोकाला चिमट्याची. प्लग ओट्यावरच्या विजेच्या बोर्डात लावा, बाहेरच्या खोलीतला सैल आहे.

सून म्हणाली, "आई, हे लय झ्याक झालं. कोणाले बी समजन."

मलाही तसंच वाटलं.

आणि एका संध्याकाळी हात चालला. खाली वाकला, ताटातली शेंग चिमट्यात धरली, थांबत थांबत वर उचलली, वळला आणि वाटीत सोडली. सुनेनं शेंग वाटीतून काढून परत ताटात ठेवली. हातानं ती परत उचलली. मग सून टेबलावर डोकं ठेवून रडली आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले. माझ्या लेकानं सुरू केलेलं एक काम तरी पूर्ण झालं, असं मला वाटत होतं. दुःखात एवढं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

पण पुढच्याच आठवड्यात ती चहा पिता पिता म्हणाली, "आई, आता याले दोन शेंगा उचलाले शिकवू. मंग रंग ओळखाले. अख्खं आयुष्य पुरन एवढं काम हाये यात."

मी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. वय काय तिचं? माझ्याकडच्या पहिल्या बॅचच्या पोरी तिच्याहून मोठ्या. अख्खं आयुष्य म्हणजे एका मेलेल्या माणसाचं टेबल आणि एक म्हातारी, असा हिशेब ती आनंदानं मांडत होती. मला तो आनंद बघवला नाही. मी त्याच दिवशी विषय काढला. दुसरं लग्न.

तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. चहा आणून ठेवायची, पण बोलायची नाही. मीही हट्टी. सकाळ-संध्याकाळ तेच. शेवटी ती चिडून म्हणाली, "तुमाले पायजे तं करतो मी लग्न, पण मंग मले दोष देऊ नका." मी म्हटलं, देणार नाही. अकोल्याचा मुलगा पाहिला. शाळेत क्लार्क, पहिलं लग्न मोडलेलं, बोलायला शांत, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा. बुद्धविहारात साधं लग्न लागलं. बायकांना विषय मिळाला. एकीनं मला गाठून विचारलंच, "काय वं बाई, सुनेचा नवरा तुमचा कोण लागन?"

"जावई," मी म्हटलं.

हात मी सोबत दिला. ती नको म्हणत होती. "राहू द्या इथंच, मले वापस याले कारण राहीन." मी म्हटलं, "आईकडं याले कारण लागते काय?" आणि दोन गोधड्यांत गुंडाळून, टेबलावरून स्क्रू काढून सोडवलेल्या बोर्डासकट, लॅपटॉपसकट तिच्यासोबत पाठवला. परक्या घरात तिच्या ओळखीचं काहीतरी असावं एवढंच माझ्या मनात होतं.

तिचा रोज फोन यायचा. "सगळं बरं हाये," म्हणायची, पण ते बरं मला ओळखू येत होतं. तिसरीतलं पोर घरी मार खाऊन आलं की असंच "काई नाई बाई" म्हणतं. मार वगैरे काही नव्हता, तो माणूस तसा नव्हताच. ती फक्त तिथं नव्हती. एक दिवस जावयांचाच फोन आला.

"आई, ती बोलतच नाई माह्यासंगं. रांधते, वाढते, खिडकीत जाऊन बसते. मी काय करू, तुमीच सांगा. तिले कशानं बरं वाटन?"

माणूस कळवळून विचारत होता. मी म्हटलं, "तो लाकडी हात गोधडीतच हाये ना अजून? तो लावून द्या तिले. फाइल हाये, वाचून वाचून होते. अवघड नाई." मीच सांगितलं हे.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारच्या गाडीनं सून आली. एकटी. फोन नाही, काही नाही. पिशवी टेबलावर उपडी केली. हात कोपराशी तुटलेला होता. प्लायची ती पट्टी मधोमध चिरली होती. तीच पट्टी, जिच्यावर लेकानं पेन्सिलनं "कोपर" लिहिलं होतं. अक्षर अर्धं इकडं, अर्धं तिकडं.

"मी बाजारात गेली होती," ती म्हणाली. "त्या माणसानं मागं हे लावलं. उलट्यासुलट्या वायरी लावल्या अन् बटन दाबलं. हात टेबलावर आपटला. त्याले कोणं सांगतलं होतं हात लावाले? वाचता बी येत नाई काय त्याले? मी आता जात नाई, आई. मले नका पाठवू."

मी पट्टीचे तुकडे हातात घेतले. माझ्या लेकाच्या हातचं, त्यानं करवतीनं कापलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेलं. मला त्या जावयाचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या रागाच्या खाली मला आनंद झाला होता. ती परत आली होती. मी ज्वारीची भाकर टाकली, तिला आवडतं तसं झणझणीत बेसन केलं, तिच्या जुन्या खोलीत गादी घातली. ती पोटभर जेवली. दोघी बाजेवर बसून शेजारणीची चेष्टा करत हसलो. किती दिवसांनी घराला घरपण आलं होतं. मी मनात ठरवूनच टाकलं, आता हिला कोणी म्हटलं तरी पाठवायची नाही. लोक काय बोलायचे ते बोलतील, बोलणाऱ्याचं तोंड कोणी धरलंय?

तिनं दोनदा जावयांचा फोन कापला. तिसऱ्यांदा मी उचलला, तोही झापायला. सून आंघोळीला गेली होती.

"काहो, एवढं सोपं लिहून ठेवलं होतं. उगवतीकडच्या पिना अन् मावळतीकडच्या पिना. ध्यान कोठी होतं तुमचं?"

ते म्हणाले, "आई, आमच्या फ्लॅटात सूर्य दिसत नाई, चारी बाजूनं बिल्डिंगी हायेत. म्हणून मी मोबाइलातला कंपास लावून पाह्यलं. दोनदा पाह्यलं. उगवतीकडच्या पिनांतच बुडाची मोटर लावली होती मी."

"अन् बोर्ड कसा ठेवला होता?"

"कसा म्हंजे? वायर पुरत होती तसा. फाइलमधी कसा ठेवाचा ते काई लिहिलं नवतं."

मला एकदम दिसलं ते. आमच्याकडे बोर्ड टेबलाच्या पट्टीला स्क्रूनं घट्ट बसवलेला, खिडकीशी एकाच बाजूनं बसणारा. तो आमच्याकडे वेगळा ठेवताच येत नव्हता, म्हणून कसा ठेवायचा ते लिहायचं आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही. उगवतीकडच्या पिना म्हणजे या घरातल्या, या खिडकीपाशी, या टेबलावर बसल्यावरच्या. त्यांच्या टेबलावर बोर्ड नेमका उलटा होता, म्हणून बुडाची मोटर चिमट्याच्या जागी लागली. त्या माणसानं माझा शब्द न् शब्द पाळला, कंपास लावून पाळला, आणि त्यानंच हात तुटला. डावखुऱ्या पोरांचा घोळ टाळायला म्हणून मी दिशा लिहिल्या आणि त्या आमच्या घराबाहेर कोणाच्या उपयोगाच्या नव्हत्या.

मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. सून गुणगुणत होती. तिला हे काही माहीत नव्हतं. तिच्या मनात तो निष्काळजी माणूस होता, तिच्या गेलेल्या नवऱ्याची आठवण ज्यानं वाचायचेही कष्ट न घेता मोडली. मी गप्प बसले तर ती राहणार होती. नुसतं गप्प बसायचं होतं. मी कोणाचं काही चोरत नव्हते, खोटं बोलत नव्हते. म्हातारपणी माणसाला एवढंही मिळू नये काय, असं मनात येत होतं. आणि त्याच वेळी तो बिचारा अकोल्याच्या फ्लॅटात मोबाइल हातात धरून दोनदा दिशा बघतो आहे, हे डोळ्यासमोरून हलत नव्हतं. माझी सून हसावी म्हणून तो हे करत होता.

ती केस पुसत बाहेर आली. मी म्हटलं, "बस. त्या माणसाचा दोष नाई. माह्या लिहिण्याचा हाये." आणि सगळं सांगितलं.

तिनं ऐकलं. टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "हे मले कायले सांगून राह्यल्या तुमी?"

"खरं हाये म्हणून."

"खरं हाये म्हणून नाई. मले पाठवाचं हाये म्हणून." तिचा आवाज चढला. "तुमाले मी जड झाली काय? पोटची असती तं पाठवलं असतं काय तुमी?"

"पोटच्या पोरीलेच पाठवतात, बाई," मी म्हटलं. "सून असती तं ठेवून घेतली असती."

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. दिवसभर जेवली नाही. मीही जेवले नाही. पण रविवारी या म्हणून मी जावयांना फोन केला होता.

ते सकाळच्या गाडीनं लॅपटॉप आणि बोर्ड घेऊन आले. सून समोर आली नाही. त्यांनी तुटलेल्या पट्टीचे दोन्ही तुकडे हलकेच जुळवले, खाली कोरा प्लाय ठेवला, कडेनं पेन्सिल फिरवली आणि स्टेशनजवळच्या सुताराकडून कापून आणला. घरी बसून कडा घासल्या. त्या माणसाला असं मान खाली घालून घासताना बघणं मला फार जड गेलं. माझ्या लेकाच्या घरात बसून कोणीतरी दुसरा त्याची पट्टी करत होता, आणि बरी करत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

बाहेर येते तो सून दारात उभी. ते तिला विचारत होते, "याच्यावर काय लिहिलं होतं?"

"कोपर," ती म्हणाली. त्यांनी पेन्सिल तिच्यापुढं केली. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनं पेन्सिल घेतली आणि नव्या पट्टीवर आपल्या अक्षरात "कोपर" लिहिलं.

मग आम्ही दोघी फाइल घेऊन बसलो. त्यांना मी आतल्या खोलीत पाठवलं, कारण ज्याला करून बघायचं आहे त्यानं लिहिताना ऐकू नये. मी सुनेला म्हटलं, उगवती काढ. तिनं काढली. मावळती काढ. प्रत्येक वायरीवर आणि तिच्या पिनेजवळ तिच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, बुडाला एक, कोपराला दोन, चिमट्याला तीन, आणि लिहिलं, ठिपके जुळवा, बोर्ड कसाही ठेवा. ओट्यावरचा प्लग काढ. तिनं काढला. बाहेरच्या खोलीतल्या सैल प्लगचं काढ. काढलं. ती मुकाट्यानं बटन दाबत होती आणि पडद्यावरून आमचं घर एक एक शब्द जात होतं. मी शेवटी राहिलेली, सगळ्यात पहिली ओळ दाखवली. खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीवर बसा.

"हे राहू द्या ना, आई."

"अकोल्याच्या घरी कोणती खुर्ची हाये त्याची?"

"यानं काई बिघडत नाई. वायरीचा काई संबंध नाई याच्यात."

"बिघडते," मी म्हटलं. "काढ." माझा आवाज मलाच कर्कश वाटला. तिनं हात उचलला नाही. मग मीच वाकड्या बोटानं ती ओळ खोडली, अक्षर अक्षर, आणि तिला सांगितलं, लिही, कोणत्याही खुर्चीवर बसा. तिनं लिहिलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. माझेही तेच.

जावयांना बोलावलं, टेबल मुद्दाम फिरवून ठेवलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. ते एक एक ओळ वाचून करत होते. वाचलं, कोणत्याही खुर्चीवर बसा, आणि जवळची ओढून बसले. ती माझ्या लेकाचीच होती. त्यांना काय माहीत? सुनेनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. त्यांनी ठिपके जुळवले, वायरी लावल्या, प्रोग्राम चालू केला. हात वाकला, शेंग उचलली, वळला, वाटीत टाकली. त्यांनी मागं वळून सुनेकडं बघितलं, शाळेतलं पोर गणित सुटल्यावर बघतं तसं. आणि तिला हसू आलं. थोडंच, पण आलं. ते हसू त्यांच्यासाठी होतं. मी बघितलं.

संध्याकाळच्या गाडीनं ती दोघं गेली. जाताना ती माझ्या गळ्यात पडली नाही. "येतो, आई," एवढंच म्हणाली. अजून रुसलेली होती. मी म्हटलं, "सुखानं राहा." गाडी गेल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बराच वेळ बसून होते, कारण घरी जायला पाय उचलत नव्हते.

पहिले काही दिवस तिचा फोन रोज आला. मग एक दिवसाआड. मग तिला तिथं नोकरी लागली आणि रविवारचा रविवार झाला. कधी कधी तोही चुकतो. मध्ये जावयांनी व्हिडिओ पाठवला होता, हात दोन शेंगा उचलायला शिकला होता. मागून दोघांचा हसण्याचा आवाज येत होता. मी तो पुन्हा पुन्हा लावून बघते.

परवा ती बोलली तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, "हात लावताना काई अडते काय वं? अडलं तं विचारत जा. मी हावो अजून."

"नाई, आई," ती म्हणाली. "तुमी इतकं नीट लिहिलं की काई विचारावंच लागत नाई." तिच्या आवाजात कौतुक होतं. कुकरची शिट्टी झाली आणि तिनं घाईनं फोन ठेवला.

"बरं झालं," मी म्हटलं, पण तोवर तिकडं कोणी नव्हतं. खरंच बरं झालं. मला तेच पाहिजे होतं. त्यासाठीच तर बसून लिहिलं होतं, की पुन्हा कोणाला माझ्याकडे काही विचारायला यायची गरज पडू नये.